जुन्या बंदुकांचा पारखी

“थांबा. आधी चापावरचं बोट काढा,” व्हर्न किफर म्हणाला.

टेबलापलीकडचा माणूस दचकला. चाळिशीचा असावा, अंगात ट्रकवाल्याचं जाड जाकीट. व्हर्नच्या टेबलावरची रशियन बंदूक त्याने पोरासोरासारखी झटकन उचलून खांद्याला लावली होती.

“नळी बघा कुठे रोखलीय. त्या बाईच्या पातेल्यावर! बिचारी कोबी परततेय. तिने काय तुमचं घोडं मारलंय?”

आसपासची माणसं हसली. हालुश्की, म्हणजे कोबी घातलेल्या शेवया, विकणाऱ्या बाईनेही डाव उंचावून दटावलं. ट्रकवाला ओशाळला आणि त्याने बंदूक खाली ठेवली.

“पण रिकामीच आहे ना ही?”

“कोण म्हणतं?”

“तुमच्याच टेबलावर आहे म्हणजे…”

“माझ्या टेबलावर आहे म्हणून रिकामी, असं धराल, तर एक दिवस पायाचा अंगठा घालवून बसाल. बोल्ट, तो बाजूचा दांडा, मागे ओढा. आत बघा. आता करंगळी घालून बघा. आहे काही? नाही ना? आता ती रिकामी. मी सांगितलं म्हणून नाही, तुम्ही पाहिलंत म्हणून.”

पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेला हॅरोज मिल नावाचं गाव आहे. तिथल्या अग्निशमन दलाच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी बंदुकांचा बाजार भरायचा, आणि दाराजवळच्या कोपऱ्यातलं टेबल गेली बावीस वर्षं व्हर्नचं होतं. त्या टेबलावर काही विकायला नसायचं. जगभरच्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या तीन-चार जुन्या बंदुका, एक बॅटरी, नळी साफ करायची सळई आणि कॉफीचा थर्मास, एवढाच पसारा. नवख्या माणसाला अशा बंदुका जमवायच्या असल्या की लोक त्याला सांगायचे, “आधी व्हर्नकडे जा. मग खिशात हात घाल.”

व्हर्न त्यांना शिकवायचा. पहिले तीन महिने काही विकत घ्यायचं नाही, नुसतं हाताळायचं. बंदुकीवर चार ठिकाणी आकडे असतात, ते एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. नळीच्या एका टोकाला उजेड धरून दुसऱ्या टोकातून डोकवायचं. विकणारा ‘ही अमुक लढाईतली’ म्हणाला की कान बंद करायचे, कारण बंदूक बोलत नाही आणि विकणारा फार बोलतो. चाळीस वर्षांच्या लष्करी ग्रीसमध्ये माखलेली बंदूक कशी उकळत्या पाण्याने धुवायची, तेही तो तपशिलाने सांगायचा. त्यासाठी बायकोचं न्हाणीघर वापरू नये, हेही सांगायचा. आणि एक गोष्ट मात्र आवाज चढवून सांगायचा, “लाकडाला पॉलिश पेपर लावाल, तर परत माझ्याकडे येऊ नका.”

त्यालाही कारण होतं. व्हर्नने पहिली बंदूक घेतली १९६१ साली, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून. तेव्हा असल्या बंदुका तिथे फावड्यांसारख्या पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असत. घरी आणून त्याने तिचं लाकूड हौसेने घासलं, वार्निश लावलं, आरशासारखं चकचकीत केलं. एका जाणकाराला दाखवली, तर तो पोट धरून हसला. लाकडावर तीन सैन्यांचे शिक्के होते म्हणे. व्हर्नने ते आपल्या हाताने घासून टाकले होते. त्या हसण्याची सल त्याच्या मनात कायम राहिली. नवख्याला कुणी हसू नये, म्हणून तो बावीस वर्षं ते टेबल मांडून बसला होता.

नजर तर त्याची मुरलेलीच. बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तो तपासनीस होता. दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि बुडबुडा, चीर, वाकडं तोंड दिसलं की व्हर्नचा हात आपोआप पुढे व्हायचा. त्याच्या हातून सदोष बाटली निसटली, असं कारखाना बंद पडेपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं.

आणि आता, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती नजर चालली होती. डॉक्टरने वसंतातच सांगितलं होतं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. म्हणजे समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसायचे, चेहऱ्याच्या जागी धूसर डाग. व्हर्नने हे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. टेबलावर येणाऱ्यांना तर मुळीच नाही. अंगठ्याने चाचपून, कडेच्या नजरेने अंदाज घेऊन तो वेळ मारून नेत होता. ट्रकवाल्याचं चापावरचं बोटही त्याला दिसलं नव्हतं. नवखे सगळे तिथेच बोट ठेवतात, हे ठाऊक होतं म्हणून तो बोलला होता.

नोव्हेंबरच्या त्या रविवारी सभागृह गच्च भरलेलं होतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम पंधरा दिवसांवर आला होता. दुपारी एक बाई त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“तुम्हीच मिस्टर किफर का? मी वांडा हुडाक. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. मला एक पोलिश बंदूक हवीय.”

“पोलिशच का?”

तिने पर्समधून एक फोटो काढला. “माझे बाबा. युद्धात होते, इटलीत. पोलंडच्या सैन्यातून. गेले दोन वर्षांपूर्वी. युद्धाबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. मरेपर्यंत नाही. मी एकदा फार मागे लागले तेव्हा बंदुकीबद्दल एवढंच म्हणाले, ‘जड होती.’ बस्स.” तिने फोटो पुढे सरकवला. “मला ती हातात धरून बघायचीय. आणि एकदा उडवायचीय. वेडेपणा वाटेल तुम्हाला.”

“छे! या सभागृहात आज दिवसभरात ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं कारण आहे हे.”

व्हर्नने फोटो दिव्याखाली धरला, मान तिरपी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. माणसाचा चेहरा त्याला दिसला नाही, पण मांडीवरच्या बंदुकीचं बोथट नाक लगेच ओळखू आलं.

“सैन्य पोलंडचं, पण बंदूक इंग्रजांची, बाई. थ्री-नॉट-थ्री. तुमच्या बाबांच्या सैन्याला इंग्रजांनीच शस्त्रं दिली होती. पोलिश बंदूक घेऊन घरी गेला असतात, तर भलतीच गोष्ट भिंतीला टांगली असतीत.”

वांडाने तोंडावर हात ठेवला. “बघा! मी मघाशीच एक घेणार होते.”

“म्हणून म्हणतो, घाई करू नका. आधी—”

“घाई कसली! नेमकी आहे माझ्याकडे एक,” शेजारच्या टेबलावरून आवाज आला. रॉली बोर्ट्झ. बारा वर्षांपासूनचा शेजारी. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक दिसलं की त्याला धीर धरवत नसे. “एका म्हाताऱ्याच्या घरातून सामान उचललं त्यात आली. व्हर्न, बघ रे जरा. तू बरी म्हणालास तर बाईंना देतो, नाहीतर नाही.”

बंदूक व्हर्नच्या हातात आली. वांडा समोर उभी, रॉली बाजूला, मागे आणखी चार माणसं. व्हर्नने बोल्ट उघडला, बॅटरी घेतली, नळीत डोकावला. नळीच्या जागी धूसर डाग. आकडे वाचायला बंदूक डोळ्यांजवळ आणली. तिथेही डागच. अंगठा डाव्या अंगावरून, मग दस्त्यावरून फिरवला, तर गुळगुळीत लागलं.

“चष्मा विसरलास का रे?” रॉली म्हणाला. “आण, मी वाचतो.” आणि त्याने चारपैकी दोन ठिकाणचे आकडे घडाघडा वाचले. जुळत होते.

विकणाऱ्याला आकडे वाचू देऊ नका, हे व्हर्नने आजवर किमान हजार जणांना सांगितलं असेल. आता फक्त तोंड उघडायचं होतं. ‘मला दिसत नाही,’ एवढेच शब्द. पण सहा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांच्या तोंडावर नेहमीचा विश्वास असणार हे त्याला न दिसताही कळत होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

वांडाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “शनिवारी दहा वाजता माझ्या भावाबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाते. तुमचे उपकार कसे फेडू?”

त्या आठवड्यात व्हर्नला अन्न गोड लागलं नाही. मनाची समजूत घालून झाली. बंदूक बरीच असणार. रॉली खोटं वाचणार नाही. पण गोष्ट रॉलीने काय वाचलं ही नव्हतीच, आपण काय केलं ही होती.

शनिवारी सकाळी न्याहारी अर्धवट टाकून तो तळघरात गेला. भिंतीला लावून त्याच्या बंदुका उभ्या होत्या. त्याने त्याची स्वतःची थ्री-नॉट-थ्री काढली, खाली बसला, डोळे मिटले आणि तिच्या डाव्या अंगावरून अंगठा फिरवला. पोलादात ठोकलेली अक्षरं बोटाला टोचली. प्रत्येक अक्षराला धार होती. तोच अंगठा त्याने पुन्हा फिरवला.

रविवारच्या बंदुकीवर त्या जागी धार नव्हती. पोलाद वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं, किंचित खोलगट. झिजलंय, असं त्या दिवशी त्याला वाटलं होतं. पण त्या जागी पोलाद झिजत नाही. तिथे कुणी तरी घासतं. आणि दस्त्यावर नाण्याएवढी एक जागा होती, तिथे बोटाला लाकडाची रेघच लागली नव्हती.

अशा घासलेल्या जागांखाली काय असतं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. जुनाट, सैल झालेल्या बंदुका सैन्य पोरांच्या कवायतीला देतं. खांद्यावर घेऊन डावं-उजवं करायला. त्यांच्यावर दोन मोठी अक्षरं ठोकतात, डी आणि पी. अर्थ एवढाच की ही कवायतीपुरती, हिच्यात काडतूस घालू नका. आणि नंतर कुणी तरी लोभी माणूस ती अक्षरं घासून, भरून, वरून रंग देऊन बाजारात सोडतो.

साडेनऊ वाजले होते. त्याने नेमबाजी क्लबच्या कार्यालयात फोन लावला. घंटा वाजत राहिली, माणसं सगळी बाहेर मैदानावर. त्याने आपली बंदूक पिशवीत घातली आणि जिना चढून वर आला.

“अर्लीन, गाडीची किल्ली घे.”

त्याची बायको अर्लीन भांडी घासत होती. “मी? माझ्याबरोबर गाडीत बसलं की तुला झोप लागते म्हणतोस ना?”

“मला दिसत नाही, अर्लीन.”

तिने नळ बंद केला, हात पुसले. “माहितेय मला.”

“माहितेय?”

“जुलैपासून कॉफी कपाबाहेर ओततोयस. टेबलक्लॉथ काय देवदूत येऊन धुतात का? म्हटलं, सांगेल कधी तरी म्हातारा आपल्या तोंडाने.” तिने कोट चढवला. “कुठे जायचंय?”

बावीस मैलांची वाट. अर्लीन ट्रॅक्टरच्या चालीने गाडी हाकायची. त्या दिवशी पहिल्यांदा व्हर्न म्हणाला, “जरा जोरात चालव गं.” वाटेत त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ना धीर दिला, ना दोष. फक्त वेग वाढवला.

मैदान जवळ आलं तसे बार ऐकू यायला लागले. हंगाम तोंडावर, जो तो आपापल्या बंदुकीचा नेम जुळवून घ्यायला आलेला. प्रत्येक बाराला व्हर्नचे खांदे आखडत होते. अर्लीनने गाडी गेटातून थेट आत घातली.

“दिसतेय का गं ती? पन्नाशीची, ठेंगणी.”

“लाल टोपी घातलेली एक बाई आहे. शेवटच्या बाकाशी. बाजूला एक जाडा माणूस. व्हर्न, ती काडतुसं भरतेय.”

त्या मैदानावर एक नियम होता. कुणीही, अगदी प्रेक्षकानेसुद्धा, ‘बंद!’ म्हणून ओरडलं की सगळ्यांनी बंदुका खाली ठेवून मागे सरायचं. कारण नंतर विचारायचं. व्हर्न तीस वर्षं त्या क्लबचा सभासद होता. तो कधी ओरडला नव्हता. गाडीतून उतरून, दाराला धरून, त्याने फुप्फुसात होता नव्हता तेवढा श्वास घेतला.

“बंद! फायर बंद!”

ओळीने वीस बंदुका खाली गेल्या. मैदानावर अशी शांतता पसरली की दूरच्या झेंड्याची फडफड ऐकू यावी. वीस माणसं मागे सरून वळून बघायला लागली. अर्लीनच्या दंडाला धरून व्हर्न त्यांच्यासमोरून शेवटच्या बाकापर्यंत चालत गेला. लांबच लांब वाटलं त्याला ते अंतर.

“मिस्टर किफर?” वांडाचा आवाज. “काय झालं? मी काही चुकले का?”

“तुम्ही नाही, मी चुकलो. बाई, ती बंदूक उडवू नका. ग्लेन आहे का इथे?”

ग्लेन ओस्टर मैदानाचा व्यवस्थापक. तो तोवर धावत आलाच होता. “आहे, व्हर्न. बोल.”

व्हर्नने आवाज खाली आणला नाही. वीसही जणांना ऐकू जावा असाच ठेवला. “गेल्या रविवारी ही बंदूक मी बघून ठीक म्हणालो. मी बघितली नव्हती. मला बघता येत नाही. डोळे गेलेत माझे, मधे काही दिसत नाही, सहा-सात महिने झाले. आकडे विकणाऱ्याने वाचले आणि मी मान डोलावली. ही कवायतीची बंदूक आहे असं मला वाटतं. तपासून बघ.”

ग्लेनने काडतुसं काढली. कार्यालयातून त्याने मोजमापाचा पोलादी तुकडा आणला, काडतुसाच्या जागी बसवायचा. बंदूक धड असेल तर त्या तुकड्यावर बोल्ट अडतो, बंद होत नाही. ग्लेनने एका बोटाने बोल्ट ढकलला. तो लोण्यात सुरी जावी तसा पार आत जाऊन मिटला. कुणी तरी दातांतून शीळ घातली. मग ग्लेनने खिशातला चाकू उघडला आणि व्हर्नने दाखवलेल्या जागी दस्त्यावर खरवडलं. वरून भरलेल्या तपकिरी लांबीचा पोपडा निघाला. खालून एक अक्षर वर आलं, मग दुसरं.

“डी, पी,” ग्लेन हळूच म्हणाला.

वांडाचा भाऊ स्टॅश पुढे आला. “आत्ता बार काढला असता तिने! तोंड उडालं असतं माझ्या बहिणीचं! आणि तुम्ही म्हणे पारखी!”

“बरोबर आहे तुमचं.”

“बरोबर आहे म्हणे!”

“स्टॅश, पुरे,” वांडा म्हणाली. ती बाकावर बसली होती. उघडी पडलेली अक्षरं तिने बोटाने चाचपली. मग म्हणाली, “मला सांगायचं होतंत ना, मिस्टर किफर. दिसत नाही म्हणायचं होतंत. मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. त्यात काय होतं एवढं?”

सहा महिने दडवलेलं ते एवढंच होतं. व्हर्नने सबब बनवली नाही. “काही नव्हतं,” तो म्हणाला. “लाज वाटली.”

वांडा त्याच्याकडे बघत राहिली असावी. त्याला ते दिसलं नाही.

तो वळला. “अर्लीन, ती पिशवी दे.” पिशवीतून त्याने आपली बंदूक काढून बाकावर ठेवली. “ही माझी. तुमच्या बाबांच्या हातात होती तशीच, त्याच वर्षांतली. ती मला द्या, ही तुम्ही घ्या. पण माझ्या शब्दावर नाही. चष्मा आहे?”

“आहे.”

“लावा. बोल्ट उघडा. करंगळी घाला. आता बोल्टच्या दांड्यामागे आकडा असेल, मोठ्याने वाचा.”

वांडाने वाचला. मग त्याने सांगितलं तसा बाजूच्या पट्टीवरचा, मग मॅगझिनवरचा, मग दस्त्याच्या टोकावरचा. एक अंक तिला लागेना. तीन की आठ? व्हर्न म्हणाला, “उजेड तिरपा धरा.” तिने धरला. आठ होता. चारही जुळले. मग तिने नळीतून आकाशाकडे बघितलं आणि तिच्या तोंडून नकळत “अगंबाई!” निघून गेलं.

“काय दिसतंय?”

“चकचकीत. आणि पिळासारख्या रेघा. फिरत फिरत जातायत.”

“कडा धारदार आहेत? मधे काळे ठिपके?”

“ठिपके नाहीत. एकही नाही.”

“मग आता तुम्ही सांगा मला. ठीक आहे का ही?”

वांडाने चष्मा नीट बसवला. पुन्हा एकदा बोल्ट मागे घेतला, आत पाहिलं, ग्लेनकडून तो पोलादी तुकडा मागून घेतला, बसवला, ढकलून बघितला. बोल्ट अडला.

“ठीक आहे,” ती म्हणाली.

ग्लेनने ओळीला इशारा दिला, पण उरलेल्या एकोणीस जणांपैकी एकानेही बंदूक उचलली नाही. सगळे मागे उभे राहिले. वांडाने एक काडतूस घातलं, दस्ता खांद्यात घट्ट रोवला. बार झाला. पाठोपाठ स्टॅश ओरडला की निशाण तर सोडाच, मागच्या मातीच्या ढिगाच्या माथ्यावरचं झुडूप गेलं. सगळे हसले. वांडाने बंदूक बाकावर ठेवली आणि खांदा चोळत राहिली.

“जड आहे,” ती म्हणाली. आणि मग रडायला लागली. अर्लीनने जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

ही बातमी पसरायला आठवडाही लागला नाही. रॉलीने वांडाचे पैसे आपणहून घरी नेऊन दिले. मात्र डिसेंबरच्या बाजारात व्हर्न सभागृहात शिरला तेव्हा त्याने दारातच गाठलं.

“मला खरंच ठाऊक नव्हतं, व्हर्न. देवाशपथ. म्हाताऱ्याच्या माळ्यावरची होती. आणि तू वीस माणसांसमोर माझं नाव घालवलंस.”

“तुझं नाव मी घेतलंच नाही, रॉली. मी माझं घेतलं.”

रॉलीने व्हर्नजवळच्या रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, “टेबल बंद करणार का?”

“करायलाच आलो होतो,” व्हर्न म्हणाला. ते खरं होतं. आवरून न्यायला त्याने खोकीही आणली होती. पण अर्लीनने गाडीतच एका खोक्याचं झाकण फाडलं होतं आणि त्यावर जाड पेनाने लिहून ठेवलं होतं, त्याला न विचारता. ते तिने टेबलावर थर्मासला टेकवून उभं केलं. ‘मला दिसत नाही. तुम्ही वाचा, मी सांगतो.’

पहिला तासभर कुणी आलं नाही. माणसं यायची, पाटी वाचायची, चालीत किंचित फरक पडायचा आणि पावलं पुढे जायची. व्हर्न पावलं ऐकत बसला. दोघं कुजबुजले, “तो हाच का रे?” व्हर्नने थर्मास उघडला, कॉफी ओतली, यावेळी बोट कपाच्या काठावर ठेवून.

मग एक माणूस थांबला. आवाजावरून पोक्त.

“टपाल खात्यात आहे मी. निवृत्तीनंतर काही छंद असावा म्हणतो. माझा मेहुणा त्या शनिवारी मैदानावर होता. तो म्हणाला, गाडीतून उतरून स्वतःची चूक ओरडून सांगणारा एकच माणूस या जिल्ह्यात आहे, त्याच्याकडे जा. दुसऱ्याकडे जाऊ नको.”

व्हर्नने कप बाजूला ठेवला. “बसा. खुर्ची ओढा. ती समोरची स्विस बंदूक घ्या. नळी कुठे आहे तुमची?”

“छताकडे.”

“चापावर बोट?”

“नाही.”

“वाचा.”

त्या दिवशी दुपारपर्यंत टेबलासमोर चार माणसं जमली, जानेवारीत नऊ. व्हर्नच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती त्याने घरी अर्लीनला सांगितली. बावीस वर्षं तो बघायचा आणि नवखे त्याच्या तोंडाकडे बघायचे. आता नवख्यांनाच बघावं लागत होतं. एकेका खुणेवर ते अडायचे, उजेड तिरपा करायचे, आपसात वाद घालायचे. पूर्वी वर्षभरात शिकत नव्हती तेवढं माणसं आता महिन्याभरात शिकत होती. “म्हणजे इतकी वर्षं मी त्यांच्या आड उभा होतो,” तो म्हणाला. अर्लीन म्हणाली, “अतिशहाणा होतास, हे मी लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं.”

मार्चपर्यंत कडेचंही अंधुक झालं. सभागृह आता त्याला आवाजांचं आणि वासांचं होतं. कोबी, बंदुकीचं तेल, ओले कोट. त्या रविवारी एक तरुण जोडपं आलं होतं, नुकतंच गावात राहायला आलेलं. बायकोने आकडे वाचले, नवऱ्याने नळी बघितली, दोघांनी मिळून लाकडावरचे तीन शिक्के शोधले. व्हर्नने एकेकाचा अर्थ सांगितला. कुठल्या सैन्यातून कुठल्या सैन्यात गेली, ती इथवर कशी आली. त्यांचं काम झालं. मागे ओळ उभी होती.

“झालं ना, मिस्टर किफर?” बाई म्हणाली. “की आणखी काही बघायचं राहिलं?”

“नाही, झालं.” मग त्याने हात पुढे केला आणि बंदुकीच्या दस्त्यावर ठेवला. “एक सांगता का. याचा काही उपयोग नाही, नुसतं विचारतो. लाकडाचा रंग कसा आहे?”

बाई खाली वाकली. तिने घाई केली नाही.

“तांबूस,” ती म्हणाली. “मधासारखा. हात धरतात तिथे गडद झालाय, जवळजवळ काळा. आणि इथे, वळणाशी, उजेड पडला की आतून उजळल्यासारखं दिसतं.”

“हं,” व्हर्न म्हणाला. “अक्रोड.”

त्याने हात लगेच उचलला नाही. ओळीतले लोक थांबले.